जित्याचा ठिपका

मी एकतीस वर्षं मराठी शाळेत चित्रकला शिकवली आणि त्यात मला एक वाईट खोड लागली, दुसऱ्याच्या चित्रात हात घालायची. पोरानं झाड काढलं की त्याच्या हातातला ब्रश काढून घ्यायचा आणि बुंध्याला सावली द्यायची. पोरीनं चेहरा काढला की डोळ्यात पांढरा ठिपका द्यायचा, म्हणजे चेहरा उजळतो. विचारायचं वगैरे काही नाही. बाईनं कुणाला विचारायचं? निवृत्त झाले, चष्म्याचा नंबर वाढला, पण खोड काही गेली नाही. त्या खोडीपायी मी एका बाईच्या घरात काय करून बसले ते इथं लिहिते. लिहिताना माझा मलाच राग येतोय, तरी लिहिते.

निवृत्तीनंतर घरात बसून भाजी निवडत राहणं मला जमेना. हुमनाबादेत आमच्या गल्लीत एक ट्रकवाले राहतात. सगळी गल्ली त्यांना मामू म्हणते, मीही मामूच म्हणते. जन्मभर त्यांनी तुरीची पोती वाहिली. आता लांबच्या भाड्याला जायची ताकद उरली नव्हती आणि ट्रक विकायला मन होत नव्हतं. मी म्हटलं, मामू, पोत्यांऐवजी चित्रं न्या की. ते नुसतेच हसले. आठ दिवसांनी स्वतःच सुताराला घेऊन दारात हजर. आतून प्लायवूडच्या भिंती मारून घेतल्या, खिळे ठोकले, वरचा पत्रा एका जागी कापून उजेडासाठी हिरवं प्लॅस्टिक बसवलं, मागं चढायला लाकडी जिना केला. झाली चित्रांची गाडी.

गाडीत मोठ्या शहरातलं एकही चित्र घ्यायचं नाही, हा माझा हट्ट होता. तांड्यावरच्या बायकांचं आरशाचं भरतकाम होतं, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची चित्रं होती, आणि सगळ्यात जास्त होती ती चिटगुप्प्याच्या पेंटरअण्णाची. हा माणूस दुकानाच्या पाट्या लिहितो. कन्नड, मराठी, उर्दू, तिन्ही सारख्याच वळणात. पण त्याचं खरं काम म्हणजे चेहरे. लोक पासपोर्टएवढा फोटो आणून देतात आणि तो हार्डबोर्डवर ऑइलपेंटनं हातभर मोठा चेहरा उतरवून देतो. आमच्या भागातल्या निम्म्या घरांत भिंतीवरचे आजे-पणजे त्याच्या हातचे आहेत. त्याच्या चित्रांत मला एकच गोष्ट खटकायची. काही डोळ्यांत त्यानं पांढरा ठिपका दिलेला, काहींत अजिबात नाही. मी मनात म्हणायची, एवढा हात आहे आणि शेवटच्या दोन ठिपक्यांचा कंटाळा करतो मेला.

आम्ही सकाळी दहाला गाडी उघडायचो आणि चारला बंद करायचो. एका वेळी चारच माणसं आत, कारण उन्हानं पत्रा तापला की आत जीव घाबरायचा. हिरव्या प्लॅस्टिकमुळं आत सगळ्यांचे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे दिसायचे. लोक मात्र यायचे. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, विकायला हाय का हे? मी म्हटलं, नाही. मग कामून आणलंय? मी म्हटलं, बघायला. बघून काय करायचं, असं म्हणून तो निघून गेला आणि त्या दिवसात तीनदा परत येऊन बघून गेला. अशी माणसं भेटली की मला दिवसभर बरं वाटायचं.

त्या फेरीची चित्रं आम्ही चिटगुप्प्यात अण्णाच्या दुकानातून भरत होतो. अण्णा रस्त्यापलीकडं शिडीवर उभा राहून एका किराणा दुकानाची पाटी लिहीत होता. कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं एक चित्र मला दिसलं. मी कागद सोडला. चाळिशीच्या आतला माणूस, निळा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, काळेभोर केस, आणि ओठ जरासे उघडे, काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारखे. अण्णाचं इतकं चांगलं काम मी बघितलं नव्हतं. शिडीवरून अण्णा ओरडला, "ते नेऊ नका बाई, ते झालं न्हाई अजून."

मी बघितलं, सगळं झालं होतं. डोळ्यांतले ठिपके तेवढे नव्हते. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि चित्र मामूंच्या हातात दिलं. संध्याकाळी घरी गाडी लागल्यावर चार नंबरचा ब्रश काढला, पांढरा पोस्टर कलर घेतला आणि दोन्ही डोळ्यांत एकेक ठिपका दिला. चेहरा असा काही जागा झाला की मी स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कमलापूरच्या बाजूला एका गावात होतो. केळी विकणारी एक बाई वर चढली, त्या चित्रापुढं थांबली आणि म्हणाली, हे तर काल दिवे लागल्यावर इथंच बसलते. कुठं म्हटल्यावर तिनं लिंबाच्या झाडाकडं बोट केलं. निळा शर्ट, डावा हात हिरव्या फडक्यानं बांधलेला, आणि तिला त्यानं विचारलं म्हणे, गाडी आली का? मी म्हटलं, कुठली गाडी? ती म्हणाली, मला काय ठावं, तुमची तर आज आली. चित्रातला माणूस छातीपर्यंतच होता. त्याचे हात अण्णानं काढलेच नव्हते. पण मी तिकडं लक्ष दिलं नाही. असतो कुणीतरी सारख्या तोंडाचा, असं म्हणून विषय सोडला.

पुढच्या गावी पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. ते सगळी चित्रं बघून परत त्या चित्राशी गेले. त्यांनी सांगितलं, काल सकाळी हा माणूस आमच्या पारावर बसलता. जन्मभर पत्रं वाटल्यामुळं मी तोंड विसरत न्हाई, असंही म्हणाले. डाव्या हाताला हिरवं फडकं. गाडी आली का, एवढंच त्यानं विचारलं. मी मामूंकडं बघितलं. मामू जिन्याशी उभे होते, त्यांनी नजर दुसरीकडं वळवली.

तिसऱ्या दिवशी आम्ही आळंदच्या बाजूला निंबर्ग्याला गेलो. तिथं बोलणं सगळं कन्नडात. शेतातून आलेला एक माणूस चित्रासमोर उभा राहून बायकोला म्हणाला, "निन्ने बंदिद्दा." काल आला होता. मी मोडक्या कन्नडात विचारलं, काही बोलला का? तो म्हणाला, हो, "गाडी बंतेनु" म्हणून विचारत होता. गाडी आली का. मग आपलाच डावा पंजा उजव्या हातानं धरून त्यानं मला दाखवलं, इथं हिरवं कापड होतं. तीन गावं, तीन माणसं, एकमेकांना ओळखत नाहीत, एकाची भाषा वेगळी. आणि तिन्ही ठिकाणी तो आमच्या एक दिवस आधी येऊन गेलेला. आमचा रस्ता मी घरी वहीत लिहिला होता, तो मामूंशिवाय कुणाला माहीत नव्हता.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी एकटीच आत गेले. पत्रा टिकटिक वाजत होता. मी त्या चेहऱ्यासमोर जाऊन उभी राहिले आणि का कुणास ठाऊक, त्याच्या डाव्या डोळ्यातल्या ठिपक्यावर बोट टेकवलं. बोटाला पांढरा रंग लागला. पोस्टर कलर पाच मिनिटांत वाळतो, शाळेतलं पोरगंही सांगेल. इथं तिसरा दिवस होता आणि गाडीत भट्टीसारखं तापलं होतं. मी दुसऱ्या डोळ्याला हात लावला. तोही ओला. मी धावतच बाहेर आले, आणि जिन्यावरून उतरताना पाय मुरगाळून घेतला तो वेगळाच.

मामूंना बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "बाई, इसकू उतार देव." आम्ही चित्र उतरवलं, चादरीत गुंडाळून मामूंच्या सीटमागं ठेवलं. मी म्हटलं, आता कुणी बघणारच नाही, तर ओळखेल कोण.

चौथ्या दिवशीच्या गावात आम्ही गाडीची मागची फळीसुद्धा उघडली नव्हती. शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली, गाडीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, तुमचीच वाट बघायलता का तो? मी म्हटलं, कोण? "काल एकजण आलता. हात बांधलेला. गाडी आली का, गाडी आली का, म्हणून इचारायलता." तिनं चित्र बघितलेलं नव्हतं. मामूंनी फळी उघडलीच नाही. ट्रक वळवला आणि चिटगुप्प्याच्या रस्त्याला लावला.

पेंटरअण्णा दुकानातच होता. मी चादर सोडली. त्यानं चित्राकडं बघितलं, आणि हातातला ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला. मी वाट बघत होते की आता हा मला चार शब्द सुनावेल. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाला, "बाई, मी म्हणलं होतं ना, झालं न्हाई म्हणून."

मग त्यानं सांगितलं. ठिपका द्यायचा कंटाळा त्यानं कधीच केला नव्हता. जित्या माणसाच्या डोळ्यात तो ठिपका देतो, मेलेल्याच्या डोळ्यात देत नाही. त्याच्या वडिलांचीही तीच पद्धत. गिऱ्हाइकांना हे ठाऊक असतं. फोटो देतानाच ती सांगतात, ठिपक्याचं की बिनठिपक्याचं. एकतीस वर्षं चित्रकला शिकवून हे मला मात्र ठाऊक नव्हतं, कारण मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

हा निळ्या शर्टाचा माणूस दुबलगुंडीचा. आठ वर्षांपूर्वी कामाला म्हणून घरातून निघाला तो परत आला नाही. ठाण्यात कागद दिला, नातेवाइकांकडं शोध झाला, काही कळलं नाही. त्याच्या बायकोनं अण्णाकडं फोटो आणून दिला. अण्णानं विचारलं, अक्का, ठिपका देऊ का न्हाई? ती म्हणाली, सांगते. दरवर्षी पाडव्याच्या बाजाराला ती यायची, चित्र कागदातून सोडून बघायची, आता न्हाई म्हणायची आणि जायची. यंदा तिच्या पोरीचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी विचारलं, पत्रिकेत मुलीच्या बापाच्या नावाआधी काय छापायचं? नुसतं नाव छापलं तर लोक विचारतील, बाप कुठं आहे. शेवटी तिनं मन घट्ट केलं आणि सांगितलं, कै. छापा. अण्णालाही निरोप दिला, ठिपका नको, चित्र तसंच द्या, मांडवात हार घालून ठेवायचंय. ती पुढच्या आठवड्यात चित्र न्यायला येणार होती.

तेवढ्यात मी माझे दोन ठिपके देऊन ते चित्र गावोगाव फिरवलं. कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढला, कुणीतरी कुणाला पाठवला, आणि फिरत फिरत तो दुबलगुंडीला पोचला. डोळ्यात ठिपका बघून त्या बाईला वाटलं, अण्णाला काहीतरी कळलंय. वर लोक दिसला दिसला म्हणायलेत. तिनं पत्रिकांची छपाई थांबवली. लग्न तोंडावर आलेलं आणि मुलाकडचे चिडलेले. एक तर बाप आहे म्हणा नाहीतर नाही म्हणा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिची पोर रडायलीय म्हणे, अण्णा म्हणाला.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी अण्णाला म्हटलं, तू सांग तिला. त्यानं मान हलवली. "ठिपके तुमचे हायत बाई, तुम्हीच जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामूंनी दुबलगुंडीच्या शाळेजवळ गाडी उभी केली. मी निरोप पाठवला होता. ती एकटीच आली. माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान, पण चालणं थकलेलं. कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं मला नमस्कार केला आणि जिना चढून आत गेली. मी चित्र परत खिळ्याला लावून ठेवलं होतं. ती समोर जाऊन उभी राहिली. मी मागं उभी राहून सगळं सांगितलं. अण्णाला काही कळलेलं नाही. ठिपके मी दिले. माझी शाळेची खोड म्हणून दिले. मला या पद्धतीची माहिती नव्हती. मी माफी मागितली, आणि मी आयुष्यात फार कमी वेळा माफी मागितली आहे.

ती चिडली नाही. तिनं विचारलं, मग जे दिसला म्हणायलेत, ते काय खोटं बोलायलेत का? हे मात्र मला टाळता आलं असतं. पण एकदा खरं सांगायला बसल्यावर अर्धं कसं सांगणार? मी चारही गावं सांगितली. निळा शर्ट, काळे केस, अगदी चित्रातल्यासारखा. डाव्या हाताला हिरवं फडकं. आणि तो विचारतो, गाडी आली का.

ती हळूच खाली बसली, प्लायवूडला पाठ टेकून. हिरव्या उजेडात तिचा चेहरा मला ओळखू येईना. मग ती बोलायला लागली, माझ्याशी नाही, चित्राशीही नाही, तिथल्या तिथं कुणाशी तरी.

"त्या दिवशी सकाळी भांडण झालतं आमचं. कडबा कापताना हात कापून घेतला त्यानं. मीच लुगड्याचा काठ फाडून बांधला, हिरवा. बांधता बांधताबी भांडत होते. कामावर न्यायला टेम्पो यायचा फाट्यावर. त्यानं इचारलं, गाडी आली का? मी म्हणलं, आली, जा. आली नव्हती. तोंडासमोरून जावा म्हणून म्हणलं." मग तिनं सांगितलं, "हे मी कुणाला सांगितलं न्हाई. आईला बी न्हाई."

पत्रा टिकटिक वाजत होता, बाहेर मामू खोकले, ते ऐकून आम्ही दोघी दचकलो.

मग ती उठली. चित्राच्या जवळ गेली, नाक लागेल इतकी जवळ. म्हणाली, "आठ वर्षं झाली बाई. जिता असता तर हात बरा झाला असता की."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि आधी डावा, मग उजवा डोळा पुसला, लेकराचा डोळा पुसावा तसा. रंग अजून ओलाच होता, एका हातात निघून आला. पदराला लागलेले पांढरे डाग तिनं बघितले आणि पदर कमरेला खोचून टाकला. पत्रिका छापायला सांगते, म्हणाली. चित्र खिळ्यावरून काढून काखेत घेतलं. मी म्हटलं, मामू घरापर्यंत आणून देतील. नको म्हणाली. जिन्यावरून उतरल्यावर मागं वळून मला सांगितलं, "आता कुठं कुणी दिसला म्हणलं, तर मला सांगू नका."

मी कबूल केलं. करायलाच पाहिजे होतं.

त्यानंतर आम्ही दोन आठवडे फिरलो. कुठल्याच गावात कुणी काही म्हणालं नाही. कुणी येऊन गेलेलं नाही, कुणी गाडीबद्दल विचारलेलं नाही. मामू पुन्हा चहाबरोबर बिस्किटं खायला लागले. मला लग्नाची पत्रिका आली, त्यात मुलीच्या बापाच्या नावाआधी कै. होतं, आणि ते वाचून मला वाईट वाटायच्या ऐवजी हायसं वाटलं. सुटले एकदाची, असं मी चक्क मोठ्यानं म्हणाले. माणूस किती आपमतलबी असतो ते अशा वेळी कळतं.

लग्नाला चार दिवस राहिले होते. कलबुर्गीच्या रस्त्यावर एका फाट्यावर आम्ही चहाला थांबलो. हॉटेलवाल्याच्या गल्ल्याशेजारी तीच पत्रिका ठेवलेली होती, नवरामुलगा त्याच्या लांबच्या नात्यातला. मामू म्हणाले, आम्हालाही बोलावणं आहे. त्यावर हॉटेलवाला सहज म्हणाला, लई जण बघायलेत ही पत्रिका, काल तर एकजण हातात घेऊन बसलाच.

मला विचारायचं नव्हतं. खरंच नव्हतं. पण मामूंनी मोबाइल काढला, त्यात फिरत फिरत आलेला त्या चित्राचा फोटो होता, आणि तो त्याच्यापुढं धरला.

हॉटेलवाल्यानं फोटो लांब धरून बघितला, जवळ घेऊन बघितला. "व्हय, ह्योच वाटतोय. पण आता लई उतरलाय. केस सगळे पांढरे झालेत."

मी विचारलं, शर्ट? पांढरा मळका, म्हणाला. हाताला काही बांधलं होतं का? न्हाई, बांधलेलं काय न्हाई. मग आपणहून म्हणाला, डाव्या पंजावर मोठा वण हाय, जुना, गिलास धरताना दिसला.

आधीच्या चारही वेळी मला भीती वाटली होती. या वेळी वाटली ती भीती नव्हती. पांढरे केस आणि बरा झालेला हात, इतकी साधी गोष्ट होती ती.

बाकीचं त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. तो माणूस कुठल्याशा ट्रकमधून उतरला. त्यानं विचारलं, दुबलगुंडीला जायला गाडी कधी हाय. हॉटेलवाल्यानं सांगितलं, अर्ध्या तासात जीप येईल, बसा. त्यानं चहा घेतला. समोर पत्रिका होती, गाव वाचून त्यानं उचलली असावी. वाचली. मग बराच वेळ तिच्यावर बोट ठेवून बसला, बारकं पोर वाचताना ठेवतं तसं. जीप आली. हॉटेलवाल्यानं हाक मारून सांगितलं, दुबलगुंडी. तो उठला नाही. तासाभरानं दुसरी आली. तीही त्यानं जाऊ दिली. मग पत्रिका होती तशी जागेवर ठेवली, हॉटेलवाल्याला म्हणाला, गाडीचं राहू द्या, आणि रस्ता ओलांडून कलबुर्गीकडं जाणाऱ्या बसमध्ये बसला.

त्या दिवशी आम्ही गाडी कुठंच उघडली नाही. कलबुर्गीचं बसस्टँड पालथं घातलं, रेल्वे स्टेशनच्या बाहेर झोपलेल्या माणसांचे पंजे बघत फिरलो. लोक आम्हाला वेड्यात काढत होते. परत येताना मामू पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "बोल देव उसकू, बाई. नक्को बोली तो बी बोल देव." मी त्यांच्यावर डबल ओरडले. काय बोलू? तुझा नवरा आला होता, तू त्याला मेलेला छापलास म्हणून परत गेला, असं सांगू? आणि तो तोच होता कशावरून? चार गावांत दिसलेला तोच होता, तर हा कोण? हा तोच असेल, तर ते कोण होतं? मला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तेव्हा आलं नाही आणि आजही येत नाही. मला एवढंच कळत होतं की तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, सांगू नका. आणि हेही कळत होतं की ते तिनं हात बरा झालेला नाही असं समजून सांगितलंय.

लग्न दुपारचं होतं. मी जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेले. मांडवात खुर्चीवर चित्र ठेवलेलं, गळ्यात झेंडूचा हार, डोळे बिनठिपक्याचे. कन्यादानाला चुलता आणि चुलती बसली होती. पोरीची आई बाजूला खांबाशी उभी होती, मोकळ्या कपाळानं. आठ वर्षं जपलेलं कुंकू तिनं त्याच आठवड्यात पुसलं होतं. मी अक्षता टाकल्या, पण माझी नजर सारखी मांडवाच्या दाराकडं. पांढऱ्या केसांचा कुणीही आत आला की मी आधी त्याचा डावा पंजा बघायची.

पोर सुंदर दिसत होती, हसत होती. तिच्या सासूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा तिची आई तिकडं बघत राहिली, आणि त्या आईच्या तोंडावर मी पहिल्यांदाच समाधान बघितलं. सांगायचं म्हणून मी दोनदा उठले आणि दोनदा खाली बसले.

पंगतीत माझ्या पानावरचं अन्न तसंच होतं. पोरीची आई वाढणाऱ्यांच्या मागून फिरत फिरत माझ्यापाशी आली आणि थांबली. आधी पानाकडं बघितलं, मग माझ्याकडं. शेजारच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "काय झालं बाई?"

मी म्हणाले, "काही नाही हो अक्का. ऊन लागलंय जरा."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग आत गेली, तांब्याभर गार पाणी घेऊन आली, आणि मी ते सगळं पिऊन होईपर्यंत माझ्यासमोर उभी राहिली.